पाच वर्षांची मुलगी, दुखरे गुडघे आणि कान्हेरी: बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली पहिली भटकंती

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही कांदिवलीला राहता. घरात तुम्ही दोघं, पाच आणि नऊ वर्षांच्या मुली आणि 68 वर्षांचे सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, पण त्यांना कान्हेरीची लेणी बघायची खूप इच्छा आहे. डोंगरात चालायची सवय कुणालाच नाही. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सोपा ट्रेक करायचाय. मेन गेटपासून कान्हेरीपर्यंत चालत जावं का, मुलींना किती किलोमीटर झेपतील आणि बिबट्याची भीती कितपत खरी, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

शाळेतल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना या जंगलात फिरवायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यावरून सांगते, किलोमीटरचा हिशोब जरा बाजूला ठेवा. पाच वर्षांची मुलगी किती चालेल हे तिच्या पायांपेक्षा तिला वाटेत काय दिसतं, झोप झाली आहे का, पोटात काय आहे यावर ठरतं. एकच मूल मऊ मातीच्या वाटेवर किडे बघत दोन तास मजेत चालतं आणि डांबरी रस्त्यावर वीस मिनिटांत ‘उचलून घे’ म्हणतं. म्हणून मी आधी विचारते ते असं: धाकटीनं बसकण मारली किंवा आजोबांचा गुडघा धरला, तर त्या जागेवरून परत यायला किती वेळ लागेल आणि कशानं येणार? याचं उत्तर जिथे सोपं, तीच तुमची सोपी वाट.

या कसोटीवर गेट ते कान्हेरी पायी जाणं नापास होतं. अंतर सहा-सात किलोमीटर आहे. रस्ता डांबरी, बराचसा हळूहळू चढत जाणारा आणि शेवटी चांगला चढ. सवयीचा मोठा माणूस दीड तासात पोचेल. पाच वर्षांच्या मुलीबरोबर मी तासाला दीड ते दोन किलोमीटरच धरते, म्हणजे तुम्हाला साडेतीन-चार तास लागतील. त्यात सायकली आणि गाड्यांची ये-जा असते, त्यामुळे मुलींचा हात सोडता येत नाही. रविवारी सकाळी अशी किती कुटुंबं मला दिसतात! अकरा-साडेअकराला घामाघूम होऊन कान्हेरीच्या पायऱ्यांशी पोचतात, पहिल्या दोन-तीन लेण्यांत फोटो काढतात, सावलीत बसतात आणि तिथूनच परत फिरतात. चालण्याजोगी खरी जागा तिथून पुढे, वरच्या अंगाला आहे, आणि तिच्यासाठी ताकद उरलेलीच नसते.

तुम्ही उलटं करा. कान्हेरीपर्यंत वाहनानं जा आणि चालणं वर करा. सुट्टीच्या दिवशी कान्हेरीकडे जाणाऱ्या गाड्यांची व्यवस्था बदलत असते, म्हणून आत शिरल्याबरोबर तिकीट खिडकीवरच तिची चौकशी करून ठेवा. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हेही तेव्हाच विचारा. कान्हेरीचं तिकीट पुरातत्त्व खात्याचं असतं, ते वर वेगळं काढावं लागतं. आणि सोमवारी उद्यान बंद असतं, तेव्हा रविवार हुकला तर सोमवारची रजा काढून जायचा बेत करू नका.

कान्हेरीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण मुलांना घेऊन जायला मुंबईत यापेक्षा चांगला डोंगर मला माहीत नाही. काळ्या कातळात कोरलेली शंभराहून जास्त लेणी, आणि त्यांना जोडणाऱ्या, कातळातच खोदलेल्या पायऱ्या. इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून पुढे हजारेक वर्षं इथे बौद्ध भिक्खूंची वस्ती होती, म्हणजे आपण ज्या वाटांनी चालतो त्या रोजच्या ये-जा करण्याच्या वाटा होत्या. एका लेण्याकडून दुसऱ्याकडे, टाक्यावर पाण्याला, सभेला. माणसांच्या रोजच्या वापराच्या असल्यामुळे त्या बहुतेक ठिकाणी चालायला सोप्या आहेत. शिवाय दर पाच-दहा मिनिटांनी एखादं लेणं येतं, तिथे सावली आणि बसायला ओटा मिळतो. लहान मुलांना एवढ्या जवळजवळचे मुक्काम दुसऱ्या कुठल्या डोंगरावर मिळणार?

सासऱ्यांसाठी सुरुवातीची लेणी पुरेशी आहेत, आणि ती खरोखर पुरेशी आहेत, ‘वर जाता येत नाही म्हणून हे’ असं नाही. तिसऱ्या क्रमांकाचं लेणं म्हणजे चैत्यगृह, भिक्खूंचं प्रार्थनेचं दालन, खाली तिकीट खिडकीपासून जवळच. आत 34 खांब, शेवटी स्तूप, आणि बाहेरच्या ओसरीत दोन्ही बाजूंना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातला शिलालेखही इथेच आहे. शांतपणे बघायचं तर या एका लेण्यात अर्धा-पाऊण तास जातो. तिथपर्यंत पायऱ्या आहेत, पण थोड्या. गुडघ्यांचं म्हणाल तर चढताना दम लागतो आणि दुखतं ते उतरताना, हे लक्षात ठेवून ठरवा. ‘वर तर गेलो आरामात’ यावरून पुढचा अंदाज बांधू नका. त्यांच्या हातात एक चांगली काठी द्या, दुसऱ्या बाजूनं कुणाचा तरी हात असू द्या, उतरताना एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मगच पुढची पायरी. डॉक्टरांनी नी-कॅप दिली असेल तर ती घरूनच घालून निघावं. गुडघ्याला सूज असेल किंवा छातीचा काही त्रास असेल तर हे सगळं त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच करा, मी इथून त्याबद्दल सांगणं बरोबर नाही.

त्यानंतर तुम्हाला दोन गटांत विभागावं लागेल, आणि ते घरीच ठरवून घ्या. एक मोठा माणूस आजोबांबरोबर खाली, दुसरा मुलींना घेऊन वर. जंगलात फोनची रेंज येते-जाते, म्हणून ‘फोन करू’ यावर विसंबू नका. जागा आणि वेळ ठरवा: चैत्यगृहाच्या पुढचं अंगण, अमुक वाजता. वर जाणाऱ्यांनी घड्याळ बघून परत फिरायचं, समोर कितीही छान लेणं दिसत असलं तरी. धाकटी थकली तर तिला खाली आजोबांजवळ ठेवून, खालच्या मोठ्या माणसानं थोरलीला वर नेता येईल, अशी अदलाबदलही या रचनेत करता येते.

वर मुलींना काय दाखवायचं? माझ्या अनुभवात मुलांना मूर्तींपेक्षा पाणी जास्त धरून ठेवतं. कान्हेरीच्या बहुतेक विहारांजवळ, म्हणजे भिक्खूंच्या राहायच्या लेण्यांजवळ, कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे. डोंगरावर पडणारा पाऊस कातळातल्या चरांमधून या टाक्यांत आणला जायचा. नऊ वर्षांच्या मुलीला सांगा, ‘एक चर शोध आणि तो कुठे जातो ते बघ.’ मग चढ आहे, ऊन आहे याचं तिला भान राहत नाही. धाकटीला टाकी मोजायला लावा. अकराव्या क्रमांकाचा मोठा सभामंडप लागेल, लोक त्याला दरबार म्हणतात. तिथे जमिनीलगत दोन लांबच लांब दगडी बाक आहेत. भिक्खू तिथे ओळीनं बसत असतील हे सांगितलं की मुलं आपोआप समोरासमोर बसतात. तिथून पुढे वेळ आणि उत्साह असेल तसं वर सरकत जा. माथ्यावर सपाट कातळ आहे, चारी बाजूंना जंगल आणि त्यापलीकडे इमारतींची रांग. आपण शहराच्या मधोमध आहोत हे मुलांना तिथे पहिल्यांदा कळतं. माथा गाठलाच पाहिजे असं मात्र काही नाही. दरबारापर्यंत जाऊन परत आलात तरी मुलींच्या दृष्टीनं डोंगर झाला.

पण याच टाक्यांबद्दल इशाराही द्यायला हवा. ती उघडी असतात, काही खोल असतात, पाणी हिरवं झालेलं असतं आणि कडा झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. टाकं दिसलं की धाकटीचा हात धरायचा, वाकून बघायचं ते बसून आणि मोठ्यांनी धरलेलं असतानाच. मधल्या ओढ्यात डिसेंबरात फारसं पाणी नसतं, पण जिथे ओल आहे तिथे शेवाळ आहे. याच कारणानं पावसाळ्यात पहिल्यांदाच लहान मुलांना घेऊन कान्हेरीला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत जंगल अप्रतिम असतं, लोक धबधब्यासाठी गर्दी करतात आणि घसरून पडण्याचे प्रकार तेव्हाच जास्त होतात.

आता बिबट्या. भीती वाटणं अगदी स्वाभाविक आहे, आणि ‘काही नसतं हो’ असं म्हणून मी ती झटकणार नाही. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या उद्यानात आणि आजूबाजूला 40 हून अधिक बिबटे राहतात. पण त्यांचा वावर मुख्यतः संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. दिवसा, माणसांच्या वर्दळीच्या वाटेवर बिबट्या समोर येणं फार दुर्मीळ. बिबट्याला उभ्या, मोठ्या माणसांच्या घोळक्यात रस नसतो. एकटं, लहान किंवा खाली बसलेलं कुणी असेल तर धोका वाढतो, कारण तो आकार त्याच्या भक्ष्यासारखा दिसतो. माझे सगळे नियम यातूनच आलेले आहेत. मुलं कायम मोठ्या माणसाच्या जवळ. मुलीला शू लागली तर झाडाआड एकटी पाठवायची नाही, सोबत मोठं माणूस आणि ते उभं राहील. त्याहून चांगलं म्हणजे गेटजवळच्या स्वच्छतागृहात जाऊन मगच पुढे निघायचं. पुढे पळून लपून बसायचे खेळ जंगलात खेळायचे नाहीत. नेहमीच्या आवाजात गप्पा चालू ठेवायच्या. आणि अंधार पडायच्या बऱ्याच आधी गेटच्या बाहेर. चुकून दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, धाकटीला कडेवर किंवा खांद्यावर घ्यायचं आणि त्याच्याकडे तोंड ठेवून सावकाश मागे सरायचं. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची. मोबाइल काढून मागे जायचं नाही. हे मुलींना घरी एकदा खेळासारखं करून दाखवा, घाबरवून नको.

तुम्ही माकडांबद्दल विचारलं नाहीत, पण कान्हेरीला तुमची गाठ बिबट्याशी नाही, माकडांशी पडणार आहे. हातात पिशवी दिसली की ती ओढतात, आणि मुलाच्या हातातला खाऊ तर हमखास. खाऊ चेनच्या सॅकमध्ये, आत डब्यात. कॅरीबॅग हातात अजिबात नको, तशीही प्लास्टिकची पिशवी जंगलात नेऊच नये. खायला बसताना मुली आतल्या बाजूला, मोठी माणसं बाहेरच्या बाजूला. माकडाच्या डोळ्यांत रोखून बघू नये आणि दात दाखवून हसू नये, त्यांच्यात ते आव्हान असतं. एखादी वस्तू ओढलीच तर सोडून द्या, ओढाताणीतच चावा बसतो. ओरखडा किंवा चावा झाला तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे. ‘छोटासाच आहे’ म्हणून थांबायचं नाही. आणि त्यांना खायला घालू नका. मुलांना ते घालावंसं वाटतं, त्यांना समजावून सांगा की हातातून खायची सवय लागल्यामुळेच ही माकडं अंगावर येतात.

डिसेंबरात आणखी एक गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे खाजकुयली. वेलीवर लोंबणाऱ्या, सोनेरी-तपकिरी लव असलेल्या शेंगा. मखमलीसारख्या दिसतात म्हणून मुलं हात लावतात, आणि मग भयंकर खाज. वाऱ्यानं उडालेली कुसंही लागतात. लागली तर चोळू नका, चोळलं की ती पसरतात. चिकटपट्टी दाबून उचलून घ्या आणि मग धुवा. यासाठी मी सॅकमध्ये चिकटपट्टीचं छोटं रीळ ठेवतेच. मुलींना पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पूर्ण लांबीची पँट घाला. त्यानं गवतातल्या गोचिडांपासून आणि डासांपासूनही बचाव होतो. घरी आल्यावर आंघोळीच्या वेळी कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे एकदा बघून घ्या.

बूट नवे नकोत, महागही नकोत. शाळेच्या पी.टी.चे, रबरी तळ झिजलेला नसलेले बूट चालतील. सँडल नको, चप्पल तर नकोच, कारण झिजलेल्या पायऱ्यांवर टाच सरकते. पाणी मोठ्यांना दीड लिटर, मुलींना पाऊण-पाऊण लिटर, आणि त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत. खाऊ म्हणाल तर थालीपीठ किंवा पोळीचा रोल, राजगिऱ्याच्या वड्या, शेंगदाण्याची चिक्की. मुलांना भूक लागायच्या आधी थोडं थोडं देत राहायचं. ‘वर पोचल्यावर खाऊ’ असं आमिष लावलं की मूल मधेच चिडचिडं होतं. उन्हाची टोपी डिसेंबरातही लागते. सकाळी गार वाटतं म्हणून लोक फसतात, पण काळा कातळ झपाट्यानं तापतो आणि साडेअकरानंतर माथ्यावर सावली नावाला नसते.

म्हणून रविवारचा बेत मी असा आखेन. सकाळी लवकर निघून गेट उघडण्याच्या सुमाराला आत. स्वच्छतागृह, मग गाडी. साडेआठ-नऊच्या आसपास कान्हेरी. पहिला पाऊण तास सगळे मिळून खालची लेणी. मग दोन गट, आणि वर जाणाऱ्यांना जास्तीत जास्त दीड तास. साडेअकराला सगळे चैत्यगृहाशी, तिथून खाली उतरून गाडीनं परत. जेवण गेटजवळच्या भागात सावलीत. त्यानंतर मुलींमध्ये दम असेल तर दहिसर नदीच्या काठानं थोडं चालता येईल. ही नदी तुळशी तलावाकडून येते आणि उद्यानातून वाहत पुढे दहिसरला जाते. तुळशी आणि विहार हे तलाव मात्र पिण्याच्या पाण्याचे आहेत, तिकडे जायला परवानगी नसते, तेव्हा मुलींना तलाव बघायचं वचन आधीच देऊन बसू नका.

त्या दिवशी कान्हेरीची गाडी मिळाली नाही किंवा फार मोठी रांग असली, तर हट्टानं पायी निघू नका. गेटपासून जवळच गांधी टेकडी आहे. चढ छोटा, वरती गांधी स्मारक, आणि कुठूनही परत फिरलं तरी थोड्या वेळात खाली. आजोबांना नको वाटलं तर ते खाली झाडाखाली बसू शकतात. मुलींसाठी तीही पूर्ण सकाळ आहे, आणि कान्हेरी पुढच्या रविवारी.

तुम्ही शिलोंड्याच्या ट्रेलचंही नाव घेतलंय. वाट सुंदर आहे, ओढ्याकाठची, पक्ष्यांची. पण तिथे स्वतःच्या मनानं शिरायचं नसतं. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्राकडून परवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो, चालणं सलग असतं, दगडांवरून ओढा ओलांडायचा असतो आणि मधूनच परत फिरणं म्हणजे सगळ्या गटानं परत फिरणं. थोरलीला एक-दोन सकाळींची सवय झाली की तिला घेऊन तुमच्यापैकी एकानं जावं. धाकटीला आणखी दोन-तीन वर्षं थांबू द्या. घोडबंदरच्या बाजूचा नागला भाग त्यामानानं सपाट आहे, वाट रुंद आहे आणि वसईची खाडी दिसते. तिथेही परवानगी घेऊनच जायचं, पण दुसरी-तिसरी भटकंती म्हणून धाकटीसकट जमेल.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा जाल तर पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेले असतील, त्यांवर पक्ष्यांची झुंबड असते. सागाची पानं तेव्हा गळालेली असतात, म्हणजे पक्षी छान दिसतात पण सावली कमी. त्या दिवसांत आणखी एक तास लवकर परत फिरा. कारवी या डोंगरातल्या झुडपाच्या फुलांबद्दल कुणीतरी खाली विचारलंय: ती आठ वर्षांनी एकदा फुलते, इथे 2016 ला आणि मग 2024 ला फुलली. पुढचा बहर 2032 चा, तेव्हा तुमची धाकटी शिलोंड्याला स्वतःच्या पायांनी येण्याएवढी मोठी झालेली असेल.

जायच्या आधी सासऱ्यांच्या गुडघ्यांबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा. त्यांना पायऱ्या पूर्णच बंद सांगितल्या असतील तर बेत थोडा वेगळा करावा लागेल, तो मी सांगेन.